टोक जुळवलेली संख्या

आमच्या घराला पुढची खोली होती, पण ती घराची नव्हती, कामाची होती. हुपरीत आमच्या गल्लीत सगळ्यांचं तसंच. दारातून आत आलं की आधी चांदी, मग माणसं. आप्पा, म्हणजे माझे वडील, खिडकीजवळ गॅसची ज्योत घेऊन बसायचे. शेजारी आई. व्यापाऱ्याकडून चांदीची तार यायची. तिच्या कड्या करायच्या, कड्या एकमेकींत अडकवायच्या, ज्योतीनं डाग देऊन सांधायच्या, मधे घुंगरू बसवायचे आणि तयार पैंजण व्यापाऱ्याला परत द्यायचं. चांदी आमची नव्हती, नक्षी आमची नव्हती. धूर तेवढा आमचा होता.

मे महिन्यातसुद्धा पंखा लावायचा नाही. ज्योत हलते. घामानं भिजलेल्या पाठीला वर्तमानपत्र बांधून आप्पा काम करायचे आणि खोकायचे. आईच्या बोटांची टोकं भाजून भाजून गुळगुळीत झाली होती. रेशनच्या दुकानात मशिनवर तिचा अंगठा उमटायचा नाही. दुकानदार म्हणायचा, "मावशी, मशीन तुम्हाला वळखत न्हाई." मागची रांग हसायची. आई बोट पदराला पुसून परत लावायची, परत नाही. मग धान्य न घेता घरी यायची आणि त्याच बोटांनी पुन्हा कड्या उचलायची. गरिबीबद्दल लोक फार गोड लिहितात. मला त्यातलं गोड काही आठवत नाही.

मीही लहानपणापासून कड्या ओवायला बसले. आमच्या कामात एक नियम होता, तो कुणी शिकवत नसे, हातालाच यायचा. नमुना समजा असा: एक घुंगरू, एक साधी कडी, परत घुंगरू, परत कडी. असं पुढं जात जात पैंजण संपताना शेवटी कडी आली, तर ते तिथं सोडायचं नाही. आणखी एक घुंगरू लावायचा. कारण पायात घालताना दोन्ही टोकं हुकाजवळ समोरासमोर येतात. एका टोकाला घुंगरू आणि दुसऱ्याला कडी असली तर व्यापारी माल परत टाकतो. आम्ही त्याला टोक जुळवणं म्हणायचो. टोक न जुळवता हातातलं पैंजण खाली ठेवलं, असं माझ्या हातून कधी झालं नाही.

बारावीनंतर मी कोल्हापूरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेले. आप्पांनी अट घातली होती की सकाळच्या एसटीआधी आणि संध्याकाळी आल्यावर कामाला बसायचं. मी बसत होते. आत्ती, म्हणजे आप्पांची थोरली बहीण, गल्लीतच राहायची. ती रोज दारात उभी राहून विचारायची, "काय गं, कलेक्टर कवा हुणार?" मी म्हणायचे, "आधी पास तर हुतो, आत्ती." आमच्याकडं बायकासुद्धा 'मी जातो, मी करतो' म्हणतात. कॉलेजातल्या राजारामपुरीतल्या, शहरी वस्तीतल्या मुली त्यावरही हसायच्या. हसायला त्यांना काहीही पुरायचं.

पहिल्या वर्षी स्पर्धा परीक्षेच्या एका जुन्या गाइडात मला एक प्रश्न दिसला. तीन अंकी संख्या दोनदा शेजारी शेजारी लिहून जी सहा अंकी संख्या होते, तिला कोणत्या संख्यांनी नेहमी भाग जातो? उत्तर दिलं होतं: सात, अकरा, तेरा. कारण दिलं नव्हतं. मी एसटीत मोबाइलवर करून बघितलं. ४८२४८२. सातानं भागलं, ६८९२६ आलं. त्याला अकरानं भागलं, ६२६६. त्याला तेरानं भागलं, तर माझी ४८२ जशीच्या तशी परत आली. दुसरी संख्या घेतली, तीही परत आली. शेजारी बसलेल्या बाईंना म्हटलं, तीन आकडे सांगा. त्यांनी आपल्या घराचा नंबर सांगितला. तोही परत आला. त्या म्हणाल्या, "जादू शिकतीस व्हय?"

जादू नव्हती, म्हणून तर मला झोंबलं. कारण शोधताना मला कळलं की ४८२४८२ म्हणजे ४८२ हजार आणि वर ४८२. म्हणजेच ४८२ गुणिले एक हजार एक. आणि १००१ म्हणजे सात गुणिले अकरा गुणिले तेरा. झालं. नमुना वेगळा आणि नमुना कुठं कुठं बसवायचा तो सांगाडा वेगळा. १००१ हा सांगाडा. एक आहे तिथं नमुना बसतो, शून्यं म्हणजे मधलं अंतर. दोन अंकी नमुना तीनदा लिहिला, १२१२१२, तर सांगाडा १०१०१. त्याचे अवयव तीन, सात, तेरा आणि सदतीस. म्हणून ५६५६५६ घ्या, ९१९१९१ घ्या, सदतीसनं भाग जाणारच. नमुन्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. नमुना बदलतो, सांगाडा तोच राहतो. हे कळल्यावर मला एवढा आनंद झाला की मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आत्तीनं विचारलं असतं, त्यानं काय हुतंय?

आता इथं वाचणारा म्हणेल, बघा, पैंजणानंच पोरीला गणित शिकवलं. थांबा जरा.

दुसऱ्या वर्षी नंबर थिअरीचा विषय होता. शिकवणारे सर विभागात सगळ्यांत जुने. इंग्रजी बोलायचे, चिडले की मराठी. तिसऱ्या वर्षाला कोणता विषय घ्यायचा हे त्या वर्षी ठरणार होतं. मला गणित घ्यायचं होतं, दुसरं काहीच नको होतं. एक दिवस सरांनी वर्गाला विचारलं, पुन्हा पुन्हा येणाऱ्या अंकांबद्दल कुणाला काही सामान्य नियम सांगता येईल का? माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं माझा हात धरून वर केला. एसटीतली जादू मी तिला दाखवली होती.

मी फळ्याजवळ गेले. मराठीतच सांगितलं. "सर, कुठलाही नमुना कितीही वेळा लिहिला, तरी त्या संख्येला नमुन्यानं भाग जातोच."

"लांब उदाहरण दे," सर म्हणाले.

मी नमुना घेतला बारा. खडूनं लिहीत गेले: १२१२१२. आणि हात थांबलाच नाही. शेवटी आणखी एक १ लिहिला आणि मग खडू खाली ठेवला.

१२१२१२१.

मी वळून म्हणाले, "याला बारानं भाग जातो."

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, विषम आहे की ती."

फळ्यावर काय चुकलंय हे मला तोवर दिसलं नव्हतं. मला ती संख्या पूर्ण झालेली दिसत होती. दोन्ही टोकांना एक, सरळ, नीट. सरांनी विचारलं, "हा शेवटचा एक कुठून आला?"

मी खरं ते सांगितलं. "सर, टोक जुळवलं."

"कशाशी?"

"पहिल्या टोकाशी. पैंजणाला जुळवतात तसं."

वर्ग फुटला. सरही हसले, मग गंभीर झाले. "हा गणिताचा वर्ग आहे, बाई. चांदीकाम घरी ठेवून यायचं." त्या दिवसापासून माझं नाव 'छुमछुम' पडलं. मी वर्गात शिरले की मागून बाकावर नाणी वाजवायचे. "आली, आली, टोक जुळवून घ्या." जिनं माझा हात वर केला होता, ती मैत्रीण पुढच्या बाकावर बसायला लागली. तिला दोष देत नाही असं म्हणायची रीत आहे. मी देते.

पैंजणांनी मला गणित शिकवलं म्हणणाऱ्यांना मी हे सांगते. पैंजणांनी मला चुकीचं शिकवलं. हातानं केलेल्या कामाची सवय डोक्याला विचारत नाही.

विषय निवडायचे दिवस आले. आप्पांना कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीत, माल पोचवायचा होता, तेव्हा ते कॉलेजात येतो म्हणाले. "मी तुझ्या सायबास्नी इचारतो. ते हो म्हणाले तर घे गणित. न्हाईतर घरात ये, हाताला माणूस कमी हाय." आप्पांनी आयुष्यात कुणावर विश्वास टाकला असेल तर तो इस्त्रीच्या शर्टावर. सर घे म्हणाले असते तर आप्पांनी देवाचा शब्द मानला असता. मला ते माहीत होतं. सर नको म्हणाले, तर तोही देवाचाच शब्द.

विभागात आप्पा दारातच चपला काढून आत गेले. तिथं कुणीच चपला काढत नाही. मीही मग काढल्या.

"सायेब, पोरगी गणित घिऊ का म्हणतीय."

सरांनी त्यांना खुर्ची दिली, हे सांगायला पाहिजे. चहाही विचारला. मग म्हणाले, "मुलगी कष्टाळू आहे, त्यात शंका नाही. पण गणिताला वेगळं डोकं लागतं. परवा हिनं विषम संख्येला बारानं भाग जातो म्हणून फळ्यावर लिहिलं. अख्ख्या वर्गासमोर. तुम्ही हिला झेपेल असं काहीतरी द्या. नाहीतर बी.ए.ला घाला. उगाच वर्ष वाया जाईल."

"बरं, सायेब," आप्पा म्हणाले. "तुमी म्हणशीला तसं."

मी तिथंच उभी होते. माझ्याकडं दोघांनीही बघितलं नाही.

परतीच्या एसटीत आप्पांनी आपलं तिकीट घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "विषम म्हंजी काय गं?"

"जिला दोननं भाग जात न्हाई ती संख्या."

आप्पा माझ्याकडं वळले. "एवढं बी आलं न्हाई व्हय तुला?"

ते रागानं म्हणाले नव्हते. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. ज्या पोरीसाठी चपला काढल्या, तिला दोननं भागता येत नाही. गाडी भरलेली होती, आणि तिथं नमुना आणि सांगाडा कुठून सुरू करणार.

पुढचे काही दिवस मी कड्या ओवत त्याच संख्येमागं लागले. भाग जात नाही, हे कळलं. पण का जात नाही आणि कधीच जात नाही का? १२१२१२१ मधला शेवटचा एक काढून तिथं शून्य ठेवलं तर १२१२१२०. ती बारा गुणिले १०१०१०. तिला भाग जातो. मग वर राहिला तो एक. म्हणजे बारानं भागलं की एक उरणार. नमुना चौतीस घेऊन टोक जुळवलं, ३४३४३४३, तर उरणार तीन. ४८२ घेऊन टोक जुळवलं, ४८२४८२४, तर उरणार चार. जे टोक जुळवायला लावलं तेच उरतं. ते नमुन्यापेक्षा लहान आहे, म्हणून आणखी भागलं जाऊ शकत नाही. आणि कुठल्याही संख्येचा पहिला अंक शून्य नसतो, म्हणून उरणारं कधीच शून्य नसतं. म्हणजे नमुना दोन किंवा जास्त अंकांचा असेल आणि शेवटी त्याचा पहिला अंक एकटा जोडला असेल, तर नमुन्यानं भाग कधीच जाणार नाही. एकदाही नाही. माझी चूक एका उदाहरणापुरती नव्हती. ती कायमची चूक होती, आणि का कायमची, हे मला सिद्ध करता येत होतं.

मी ते इंग्रजीत लिहिलं. चार ओळींचं होतं, पण प्रत्येक शब्द शोधून लिहिला होता. सरांच्या टेबलावर ठेवला कागद. त्यांनी चष्मा वर करून वाचला, पेन घेऊन एक स्पेलिंग दुरुस्त केलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण यात नवीन काय? भागाकारात बाकी उरते. शाळेतलंच आहे हे."

"सर, मग मी गणित घेऊ?"

"तुझ्या वडिलांना सांगितलंय मी."

कागद त्यांनी मला परत दिला. ते खोटं बोलले नव्हते. शाळेतलंच होतं ते. पण चुकलं तेव्हा दोष माझ्या डोक्याचा होता आणि बरोबर आलं तेव्हा शाळेतलं झालं, हा न्याय मला त्या दिवशी कळला नाही आणि आजही कळत नाही.

त्या उन्हाळ्यात चांदीचा भाव चढत गेला. व्यापारी म्हणाले, थांबा, गिऱ्हाईक नाही. जे गिऱ्हाईक होतं, त्याला मशिनवरचं पैंजण चालत होतं. आधी आठवड्याचं काम निम्मं झालं, मग पुढची खोली रिकामीच राहायला लागली. आप्पा सवयीनं खिडकीजवळ बसायचे, ज्योत न पेटवता. पंखा मात्र लावायचे आता. आत्तीला बरं निमित्त मिळालं. "शिक्षान बी न्हाई, काम बी न्हाई, आता उजवून टाका की तिला. साखर कारखान्यातलं एक स्थळ हाय." सरांनी काय सांगितलं होतं, तेही तिला पाठ झालं होतं. पाहुण्यांसमोर म्हणायची, "हिला दोननं भागता येत न्हाई म्हणं."

मी आप्पांना म्हणाले, "मला गणितच घ्यायचंय."

"सायेब नको म्हणाले न्हवं?"

"सायेब नको म्हणाले. मी घेणार म्हणतोय."

आई आत भाकरी थापत होती. तिच्या भाकरीचा आवाज थांबला. आप्पा तिकडं बघून, मग माझ्याकडं बघून म्हणाले, "घरात बसून तरी काय करणार हाईस. हाताला कामच न्हाई. जा. एसटीच्या पासचं तुझं तू बघ."

माझ्या शिक्षणाला आमच्या घरात परवानगी मिळाली ती अशी. माझी हुशारी पटली म्हणून नाही, माझ्यावर विश्वास बसला म्हणून नाही. माझे दोन हात कुणाला नको झाले म्हणून.

प्रवेशाच्या टेबलावर तेच सर होते. गुण बघितले. गुण पुरेसे होते, त्यामुळं अडवायला जागा नव्हती. "घेतलंसच शेवटी?" एवढंच म्हणाले आणि सही केली.

पाससाठी मी राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये संध्याकाळी शिकवायला लागले. स्पर्धा परीक्षेची मुलं. तिथं तोच गाइडातला प्रश्न आला, सहा अंकी संख्या, सात, अकरा, तेरा. मी फळ्यावर हजार आणि एक वेगळे करून दाखवायला लागले तर क्लासचे मालक दारातून म्हणाले, "मॅडम, कारण नको. ट्रिक सांगा आणि पुढं चला. पोरांना पोस्ट पाहिजे, गणित नको." मी ट्रिक सांगितली आणि कारणही सांगितलं. कारण जरा हळू आवाजात सांगितलं. काहींनी लिहून घेतलं, बाकीच्यांनी मोबाइल बघितला. मालकांनी दोन महिन्यांत माझ्या जागी दुसरा मुलगा घेतला. मग मी गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या धरल्या. पुढच्या खोलीत, जिथं आधी ज्योत असायची तिथं. आप्पांना ते आवडलं नाही, पण खोली रिकामी होती.

तिसऱ्या वर्षात मला कुणी हसलं नाही. हसायला वर्गात फार जण राहिले नव्हते. नाणी वाजवणाऱ्यांनी सोपे विषय घेतले होते. मी इंग्रजी पुस्तकं शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. न कळलेली सिद्धता पाठ केली नाही, कळेपर्यंत बसले. सरांना वर्गात प्रश्न विचारत राहिले. काही प्रश्नांना ते म्हणायचे, पुढच्या तासाला सांगतो. काही वेळा सांगायचेही. एकदा तर म्हणाले, "हा प्रश्न बरा आहे." त्यावर मी खूश व्हायला हवं होतं बहुतेक. मला फक्त आप्पांच्या काढलेल्या चपला दिसल्या.

निकाल लागला तेव्हा कॉलेजनं छोटा सत्कार ठेवला. आईआप्पांना बोलावलं होतं. सर माइकवर म्हणाले की या मुलीच्या घरात पैंजणं होतात, आणि त्या पैंजणांच्या नादातूनच हिला गणिताचा नाद लागला. टाळ्या पडल्या. आप्पांनीही वाजवल्या, सायेब चांगलं बोलत होते म्हणून. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "सरांनी मला गणित घेऊ नको म्हणून सांगितलं होतं. माझ्या वडिलांना सांगितलं होतं. मी घेतलं. धन्यवाद." आणि खाली बसले.

बाहेर आल्यावर आप्पा वैतागले. "मोठ्या माणसास्नी असं बोलत्यात व्हय? चार लोकांत?" आई म्हणाली, "बोलू दे की. खरं तेच बोलली." आई माझ्या बाजूनं उघडपणे काही बोलली असेल तर ते तेवढंच. लगेच म्हणाली, चला, एसटी चुकंल.

मी उद्धट आहे असं तिथल्या लोकांनी ठरवलं असेल. ठरवू दे. गोड बोलून मला काही मिळालं नव्हतं.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. मी गणित विषय घेऊन बी.एस्सी. झाले. पहिल्या वर्गात.